अर्ल बॉल्टेस (१९२१–२०१५): एल्डोराचा मातीचा ट्रॅक चालवणारा माणूस

तिसरा_टर्न

रेसिंगच्या धाग्यांवर ड्रायव्हरांची नावं सगळ्यांना तोंडपाठ असतात, ट्रॅक चालवणाऱ्याचं नाव मात्र कोणी काढत नाही. म्हणून हा धागा.

अर्ल बॉल्टेस २३ मार्च २०१५ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी गेले. ओहायोच्या पश्चिम टोकाला डार्क काउंटीत रॉसबर्ग नावाचं जेमतेम दोनशे वस्तीचं खेडं आहे. त्याच्या बाहेर मक्याच्या शेतांत एल्डोरा स्पीडवे आहे. १९५४ साली त्यांनी तो सुरू केला आणि २००४ मध्ये रेसिंग ड्रायव्हर टोनी स्टुअर्टला विकेपर्यंत पन्नास वर्षं स्वतः चालवला. गृहस्थ मूळचे रेसिंगमधले नव्हेत, नाचाच्या कार्यक्रमांसाठी बँड चालवायचे. पत्नी बर्निस यांच्यासह एल्डोरा नावाची बॉलरूम घेतली आणि तिच्या शेजारच्या खोलगट जागेत ट्रॅक कोरला. आधी पाव मैलाचा होता, पुढे वाढवत अर्ध्या मैलाचा झाला. वळणांना २४ अंश उतार, सरळ पट्ट्यांना ८ अंश. पृष्ठभाग पूर्ण चिकणमातीचा.

१९७१ साली त्यांनी लेट मॉडेल (बंद छताच्या, रुंद पत्र्याच्या) गाड्यांसाठी 'वर्ल्ड १००' सुरू केली. १०० फेऱ्या, विजेत्याला पृथ्वीच्या गोलाचा चषक. पहिला विजेता ब्रूस गूल्ड. १९८१ मध्ये चार वर्गांच्या गाड्यांची 'फोर क्राउन नॅशनल्स', १९८४ मध्ये स्प्रिंट कारसाठी (उघड्या चाकांच्या, हलक्या पण ताकदवान गाड्या) ५०,००० डॉलर पहिल्या बक्षिसाची 'किंग्ज रॉयल' (पहिला राजा स्टीव्ह किन्सर, मुकुट, झगा, सिंहासन सगळं), १९९४ मध्ये १,००,००० डॉलरची 'ड्रीम' (फ्रेडी स्मिथ जिंकला), आणि २००१ मध्ये थेट दहा लाख डॉलरची 'एल्डोरा मिलियन'. ती ओहायोच्याच डॉनी मोरनने नेली.

श्रद्धांजलीचे हारतुरे पुष्कळ वाहून झाले आहेत. इथे जाणकारांनी हे काम चालतं कसं ते लिहावं. माती, पाणी, बक्षिसाचा हिशेब, वेळापत्रक, काहीही. 'जुन्या काळचा दिलदार माणूस' एवढ्यावर बोळवण झाली तर धागा काढून उपयोग नाही.

---

ओली_माती

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण मातीच्या ट्रॅकचा प्रमोटर, म्हणजे तो चालवणारा, निम्मा वेळ पाणक्याच असतो.

अर्धा मैल म्हणजे सुमारे ८०० मीटर. रुंदी सरासरी १८ मीटर धरू. क्षेत्रफळ १४,४०० चौरस मीटर. यावर १ मिलिमीटर पाणी द्यायचं तर १४,४०० लिटर लागतं. अमेरिकेतला ४,००० गॅलनचा पाण्याचा ट्रक म्हणजे साधारण १५,१०० लिटर. हिशेब सोपा झाला: एक ट्रक, एक मिलिमीटर.

आता वरची १० सेंटिमीटर माती उकरून ओली करायची आहे. दर चौरस मीटरला साधारण १६० किलो कोरडी माती. ओलाव्याचं प्रमाण ५ टक्क्यांनी वाढवायचं तर ८ लिटर, म्हणजे ८ ट्रक. हे सगळं पाणी मातीत मुरलं तर. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशी उघड्या ओल्या पृष्ठभागावरून ४–५ मिमी सहज उडतं. त्यामुळे दुपारी पाणी मारणं म्हणजे डिझेल जाळणं. मुख्य पाणी रात्री किंवा पहाटे, आणि तेही एका रात्रीत नाही, दोन-तीन रात्रींत वाटून.

एल्डोरासारख्या तीव्र उताराच्या ट्रॅकवर आणखी एक अडचण आहे. १८ मीटर रुंदीला २४ अंश म्हणजे वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ७ मीटर उंच. एकदम पाणी सोडलं की सगळं आतल्या कडेला जमतं. खाली चिखल आणि वर भाकरीच्या पिठासारखी माती, असा ट्रॅक होतो. म्हणून वरच्या बाजूला पातळ फवारे बऱ्याच खेपांत मारायचे, प्रत्येक खेपेनंतर मुरायला वेळ द्यायचा आणि खालच्या लेनला जवळपास काहीच द्यायचं नाही. तिला वरून झिरपलेलं पुरतं. ट्रकचा वेगही खेपागणिक सारखाच लागतो. वळणात ट्रक हळू झाला की तिथे दुप्पट पाणी पडतं आणि रात्री नेमका तिथेच खड्डा होतो.

---

आखाडेकर

ओली_माती, उत्तम हिशेब. आपल्याकडच्या तालमीत आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळतात. हेतू काही अंशी तोच: माती धरून राहावी, उडू नये, पण चिखलही होऊ नये. ट्रॅकच्या मातीत असं काही मिसळतात का? आणि चिकणमाती कुठलीही चालते का?

---

ओली_माती

कुठलीही चालत नाही. आधी बरणीची चाचणी करायची. काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांडी धुण्याची पावडर. जोरात हलवून ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू, दोनेक तासांत बसतो तो गाळ, आणि नंतर दिवसभर पाणी गढूळ ठेवते ती खरी चिकण. चिकण कमी असेल तर ट्रॅक तासाभरात भुसभुशीत होऊन धुरळा उडतो. नुसतीच चिकण असेल तर ओली असताना साबण आणि वाळल्यावर फरशी. थोडी वाळू हवीच, तिच्यामुळे टायरला चावा मिळतो.

ओलावा हातानेच बघतात. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी, पोळीसारखी पसरली तर जास्त ओली. हे पृष्ठभागावरची माती घेऊन करायचं नाही. ८–१० सेंटिमीटर खालची घ्यायची, फसवणूक तिथेच असते.

मिसळण्याबद्दल: बऱ्याच ट्रॅकवर कॅल्शियम क्लोराईड घालतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे माती उशिरा वाळते. कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवायला चौरस मीटरला अर्धा ते एक किलो वापरतात. त्या मापाने अर्ध्या मैलाच्या ट्रॅकला ७ ते १४ टन लागेल. ते उकरलेल्या मातीत मिसळावं लागतं. नुसतं वरून शिंपडलं तर पहिल्या सरीबरोबर आतल्या गटारात. तोटा असा की ते मीठच आहे. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमची चाकं, वायरींचे जोड, सस्पेंशनचे बोल्ट सगळं खातं. अशा ट्रॅकवरून आलेली गाडी त्याच रात्री धुवावी लागते, सकाळपर्यंत ठेवली तर पांढरे डाग पडलेले असतात.

---

तिसरा_टर्न

उकरणं, दाबणं यांचा क्रमही लिहा ना. आणि मधूनच ट्रॅक 'फुटतो' म्हणजे नेमकं काय होतं?

---

ओली_माती

क्रम साधारण असा. ग्रेडरने आधी आकार सारखा करायचा: गेल्या शर्यतीत वर उडालेली माती खाली ओढायची, उतार मोजायचा. मग ७ ते १० सेंटिमीटर उकरायचं. रात्री पाणी. दुसऱ्या दिवशी डिस्क हॅरो, ढेकळं फोडायला, पुन्हा रात्री पाणी. शेवटच्या दिवशी सकाळी शीपफूट रोलर, म्हणजे दाते असलेला. तो खालून वर दाबत येतो. नंतर साधा गुळगुळीत रोलर. दुपारी अगदी हलका फवारा. आणि शर्यतीआधी तासभर 'व्हील पॅकिंग': पुश ट्रक (गाड्या मागून ढकलून सुरू करणारे), पाण्याचे रिकामे ट्रक, शेवटी रेसच्या गाड्या सावकाश फिरवून माती दाबून घ्यायची. सुरुवातीला चाकांतून चिखलाचे गोळे उडतात, पंधरा-वीस मिनिटांनी उडायचे थांबतात. ते थांबल्याशिवाय वेगाच्या फेऱ्या सोडायच्या नाहीत, नाहीतर रेडिएटर बुजतात आणि पहिल्याच सत्रात पाच-सहा गाड्या उकळतात.

फुटण्याचं कारण नेहमी एकच: वर वाळलेला थर आणि खाली गच्च ओली माती. घाईने एकदम खूप पाणी मारलं, मुरायला वेळ दिला नाही, आणि वरून दाबून टाकलं की हे होतं. गाडी वळणात शिरताना उजव्या मागच्या चाकावर सगळा भार येतो, तिथे कवच तुटतं, खालचा चिखल बाहेर फेकला जातो. दहा फेऱ्यांत वीतभर खोल खड्डा. स्प्रिंट कार त्यात आपटली की उलटते. एकदा फुटला की त्या रात्री तो खड्डा नीट भरता येत नाही. भरलेली माती दबलेली नसते, पुन्हा निघते. कडेची तयार, ओलसर माती घालून ट्रकच्या चाकांनी कुटायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

याच्या उलट टोक म्हणजे 'रबर धरणं'. माती कोरडी, घट्ट, चकचकीत काळी होते आणि टायरचं रबर एका पट्ट्यावर चिकटत जातं. त्या पट्ट्यावर डांबरी रस्त्यासारखी पकड, बाहेर बर्फ. मग सगळे एकामागोमाग आगगाडीसारखे चालतात, कोणी कोणाला ओलांडत नाही, टायर मात्र शेवटच्या दहा फेऱ्यांत फुटतात. प्रेक्षकांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट रात्र हीच.

चांगली रात्र म्हणजे मधल्या अवस्थेतली. खालची लेन ओलसर, मधला भाग गुळगुळीत, आणि वर भिंतीजवळ सैल मातीचा बांध. त्याला कुशन म्हणतात. उजवं मागचं चाक त्या बांधाला टेकवून गाडी वरून फिरवता येते. रस्ता लांबचा पण वेग जास्त. खालून जवळचा पण हळू. दोन्ही रस्त्यांना सारखाच वेळ लागला की ओलांडाओलांडी सुरू होते. एल्डोराचं नाव झालं ते भिंतीला घासत जाणाऱ्या या वरच्या लेनमुळे. स्प्रिंट कार तिथे १३–१४ सेकंदांत फेरी मारते, म्हणजे सरासरी ताशी २०० किलोमीटरच्या वर, मातीवर.

---

हिशेबनीस

मातीचं झालं, आता पैशाचं. बॉल्टेस यांचं खरं कसब इथे होतं असं माझं मत आहे.

छोट्या ट्रॅकचा नेहमीचा शनिवार घ्या, आकडे समजण्यापुरते. तीन वर्गांत मिळून ७५ गाड्या. प्रत्येक गाडीबरोबर ४ माणसं, पिटचा (स्पर्धकांच्या गोटाचा) पास ३५ डॉलर: १०,५०० डॉलर. स्टँडमध्ये ८०० प्रेक्षक, तिकीट १५ डॉलर: १२,०००. म्हणजे मागच्या दाराचं उत्पन्न पुढच्या दाराच्या जवळपास बरोबरीचं. बक्षिसं ११–१२ हजार. विमा, रुग्णवाहिका, वीज, डिझेल, पंच, यांना जे उरतं ते. नफा होतो तो हॉट डॉग, पॉपकॉर्न आणि बिअरवर. अशा धंद्यात गाड्या निम्म्या आल्या तर प्रेक्षक निम्मे आल्याइतकंच नुकसान, आणि वर शर्यत फिकी होते म्हणून पुढच्या आठवड्याचे प्रेक्षकही जातात.

म्हणून बक्षीस हा खर्च न धरता गाड्या खेचून आणण्याची गुंतवणूक धरायची. आता तीन दिवसांचा मोठा कार्यक्रम धरा. ११० गाड्या, प्रत्येकी ६ माणसं, रोजचा पास ४० डॉलर: ७९,२०० डॉलर नुसते पिटमधून. शिवाय तळ ठोकायला आलेल्या गाड्यांचं भाडं, तीन दिवसांचं खाणंपिणं, आणि प्रेक्षकांची तिकिटं वेगळीच. एक लाखाचं पहिलं बक्षीस ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्याचा मोठा हिस्सा स्पर्धकांच्या गोटातूनच परत येतो. प्रेक्षकांना ११० गाड्या बघायला मिळतात त्या वर.

दुसरी गोष्ट, आकडा गोल आणि तोंडात बसणारा हवा. १९९४ मध्ये 'एक लाख' ही जाहिरात आपोआप झाली, २००१ मध्ये 'दहा लाख'. तेवढीच रक्कम पहिल्या वीस जणांत सारखी वाटली असती तर बातमी कोणी छापली नसती.

---

बिनब्रेक

हिशेबनीस, इथे मात्र असहमत. गोल आकड्याच्या नादाने सगळा पैसा वरच्या टोकाला जातो. मुख्य शर्यतीत २४ गाड्या असतात, त्यातल्या १५ व्या क्रमांकाला काय मिळतं ते बघा. त्याचा त्या आठवड्याचा टायरचा खर्चही निघत नाही. ४१० घनइंची स्प्रिंट इंजिनाची किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर, त्यात इंधन म्हणून लागणारं मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) पेट्रोलच्या दुपटीहून जास्त जळतं, आणि ते इंजिन ठरावीक रात्रींनंतर उघडावंच लागतं. वरच्या पाच जणांना प्रायोजक असतात. मधल्या फळीतले घरचे पैसे घालतात आणि एक दिवस यायचे थांबतात. गाड्यांची संख्या कमी होते ती तिथून. पहिलं बक्षीस १० टक्क्यांनी उतरवून 'स्टार्ट मनी' (मुख्य शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाला मिळणारी रक्कम) वाढवलं तर जाहिरातीला धक्का लागत नाही आणि पिट भरलेलं राहतं.

अवांतर: 'स्पीडवे' म्हटलं की माझ्या डोक्यात आधी मोटरसायकली येतात. ५०० सीसी, एक गिअर, ब्रेक नाही, मिथेनॉल, चार स्वार, चार फेऱ्या. त्या बाजूचा बॉल्टेस म्हणजे जॉनी हॉस्किन्स. जन्म न्यूझीलंडचा, डिसेंबर १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर रात्रीच्या दिव्यांत मोटरसायकली पळवल्या, पुढे इंग्लंडात जाऊन आयुष्यभर तेच केलं, १९८७ मध्ये वारले. पहिली स्पीडवे शर्यत तीच का यावर वाद आहेत, त्यात शिरत नाही. पण तिथे बक्षिसाची रचना वेगळी. संघ असतात, गुणांवर पैसे मिळतात: ३, २, १, ०. दर हीटला (छोट्या शर्यतीला) कमाई, त्यामुळे शेवटचा स्वारही तिसऱ्या क्रमांकासाठी जीव तोडून भांडतो.

---

हिशेबनीस

बिनब्रेक, मधल्या फळीबद्दल बरोबर आहे तुमचं. आठवड्याच्या शर्यतीला तर मी तुमच्याच बाजूने आहे. तिथे विजेत्याला २,००० देण्यापेक्षा १,५०० देऊन शेवटच्याला १५० ऐवजी २०० द्यावेत.

पण वर्षातून एकदाच्या शर्यतीला लोक खर्च निघावा म्हणून येत नाहीत. वर्ल्ड १०० ला कित्येकदा शंभरावर गाड्या आल्या आहेत आणि बहुसंख्यांना माहीत असतं की मुख्य शर्यतीत जागाही मिळणार नाही. पैशापेक्षा तो गोल चषक आणि 'आम्ही एल्डोराला पात्र ठरलो' हे सांगता येणं मोठं. बिली मॉयरने वर्ल्ड १०० सहा वेळा जिंकली. त्याची ओळख करून देताना लोक डॉलर सांगत नाहीत, गोलांची संख्या सांगतात. ही किंमत बॉल्टेस यांनी १९७१ पासून एकच शर्यत, एकच नाव, त्याच सुमाराला ठेवून तयार केली. दर वर्षी नाव आणि प्रायोजक बदलणाऱ्या ट्रॅकना हे जमलेलं नाही. २०२२ मध्ये स्टुअर्टच्या व्यवस्थापनाने मिलियन पुन्हा भरवली (जोनाथन डॅव्हनपोर्ट जिंकला), तेव्हाही जुनंच नाव ठेवलं. शहाणपणाचं केलं.

---

पुशट्रक

पैसे आणि माती दोन्ही नीट असूनही रात्र फुकट जाते ती वेळापत्रकामुळे. त्यावर कोणीच लिहिलं नाही.

१०० गाड्यांची वेळेची चाचणी. प्रत्येकी दोन मोजलेल्या फेऱ्या, आधी वेग घ्यायची एक, नंतर उतरायची एक. गाडीमागे ७० सेकंद धरले तर जवळपास दोन तास. प्रेक्षक कंटाळतात, आणि ट्रॅक त्या वेळात पूर्ण बदलतो: पहिल्या दहांना ओली माती, शेवटच्या दहांना फरशी. उपाय दोन. एक, ट्रॅकवर एका वेळी दोन-तीन गाड्या अंतराने सोडायच्या. दुसरा, गाड्यांचे दोन गट करून प्रत्येक गटाच्या हीट (मुख्य शर्यतीआधीच्या पात्रता शर्यती) वेगळ्या लावायच्या, म्हणजे उशिरा गेलेल्याची तुलना उशिरा गेलेल्याशीच होते. दुसऱ्या उपायाशिवाय शंभर गाड्यांत न्याय होत नाही.

मग इन्व्हर्ट. हीटमध्ये सगळ्यात वेगवान गाडी पहिल्या ओळीत ठेवली तर ती पळून जाते, बघायला काही उरत नाही. म्हणून वेगवान चार किंवा सहा जणांचा क्रम उलटा लावतात. लगेच चलाख मंडळी चाचणीत मुद्दाम हळू जातात. त्यावर इलाज म्हणजे किती जण उलटे करायचे ते चाचणी संपल्यावर चिठ्ठी काढून ठरवणं.

स्प्रिंट कारला स्टार्टर नसतो, क्लच नसतो. मागून ट्रकने ढकलून सुरू करायची. लाल झेंडा पडून २४ गाड्या थांबल्या आणि पुश ट्रक चारच असले तर सहा खेपा, दीड मिनिटाची एक, म्हणजे नऊ मिनिटं. आठ ट्रक असले तर साडेचार. रात्रीतून चार वेळा लाल झेंडा पडला की या फरकानेच कार्यक्रम अठरा मिनिटं लांबतो. आणि पुश ट्रकच्या पुढच्या बंपरवर जाड रबरी पट्टा हवा, उंची गाडीच्या मागच्या बंपरला जुळवून. नुसतं लोखंड ठेवलं तर दर शनिवारी कोणाची तरी इंधनाची टाकी चेपते.

मिथेनॉलच्या आगीबद्दल एक ओळ, कारण नवीन स्वयंसेवकांना हे कोणी सांगत नाही. ज्वाला दिवसा दिसत नाही. हवा थरथरताना दिसली, ड्रायव्हर अंग झटकताना दिसला, की आग समजायची. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी हा साधा आणि चांगला इलाज. इंधन भरण्याच्या जागी भरलेल्या बादल्या ठेवायच्याच. तेल किंवा पेट्रोलच्या आगीवर मात्र पाणी टाकायचं नाही. म्हणून दोन्ही इंधनांचे वर्ग एकाच रात्री असतील तर फोमची गाडीही लागते.

---

तिसरा_टर्न

दोन वर्ग एकाच रात्री, यावरून फोर क्राउन आठवलं. स्प्रिंट, मिजेट, सिल्व्हर क्राउन आणि मॉडिफाइड असे गाड्यांचे चार वर्ग, एकाच दिवशी एकाच मातीवर. १९९८ मध्ये जॅक हेविटने चारही जिंकल्या. ड्रायव्हर म्हणून ते अचाट आहेच, पण ओली_माती, ट्रॅक सांभाळणाऱ्याच्या बाजूने हे कितपत अवघड?

---

ओली_माती

खूप. हलक्या मिजेट वरची माती फक्त पुसतात, जड गाड्या ती उकरतात. आधी जड वर्ग सोडला तर मिजेटना खड्डे मिळतात, आधी मिजेट सोडले तर ट्रॅक लवकर चमकतो. शिवाय सिल्व्हर क्राउनच्या गाड्या लांब आणि त्यांची शर्यतही लांब, तेव्हा ओलावा शेवटपर्यंत पुरवावा लागतो. हीट आणि मुख्य शर्यत यांच्यात अर्धा तास काढून वरचे २–३ सेंटिमीटर खरवडायचे, फक्त वरच्या अर्ध्या भागाला फवारा, आणि ट्रकने दाबायचं. खालच्या लेनला त्या वेळी पाणी दिलं तर पहिल्या दोन फेऱ्यांत सगळे घसरून एकमेकांवर आदळतात.

या अर्ध्या तासात खाण्याच्या दुकानांचा सगळ्यात जास्त गल्ला होतो, हे हिशेबनीस सांगतीलच. २०१३ मध्ये नॅसकारच्या (अमेरिकेतल्या मोठ्या रेसिंग संस्थेच्या) रेसच्या पिकअप ट्रक तिथे आल्या (ऑस्टिन डिलन जिंकला), तेव्हा प्रश्न आणखी मोठा होता. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिका १९७० नंतर मातीवर आल्याच नव्हत्या आणि त्या गाड्या स्प्रिंट कारच्या दुपटीहून जड.

---

हिशेबनीस

अर्ध्या तासाचा गल्ला, हो. फक्त एक पथ्य: तो अर्धा तास आधी जाहीर केलेला असावा. कारण न सांगता लांबलेली पंधरा मिनिटं लोकांना डाचतात, सांगितलेला अर्धा तास ते रांगेत आनंदाने घालवतात.

---

नवखा_झेंडेवाला

मस्त धागा. एक प्रश्न: दुपारी चारला पाऊस आला तर काय? एवढा ट्रॅक झाकता तर येत नाही. रद्द कधी करायचं ते कसं ठरवतात?

---

ओली_माती

झाकता येत नाही, पण बंद करता येतो. ढग दिसले की सगळं उकरणं थांबवून गुळगुळीत रोलर फिरवायचा, पृष्ठभाग घट्ट आणि सपाट करायचा. मग पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं, आणि २४ अंशांच्या उताराचा इथे फायदा होतो. उकरलेल्या अवस्थेत सर आली तर त्या दिवसाची शर्यत संपली असं समजा.

पाऊस थांबल्यावर लगेच ग्रेडर घालायचा नाही, तो चिखल नुसता फिरवतो. आधी आतल्या कडेला साचलेलं पाणी पंपाने काढायचं. मग हलक्या गाड्या सगळ्यात खालच्या लेनपासून सुरू करून फेरीगणिक थोड्या वर सरकवायच्या. चाकांखाली चिखल दबतो, पाणी वर येतं, वारा ते नेतो. पिकअप, पुश ट्रक, शेवटी रेसच्या गाड्या. चांगल्या उताराच्या ट्रॅकवर १० मिमी सरीनंतर ऊन-वारा असेल तर दोन-तीन तास. ढगाळ आणि दमट असेल तर नाद सोडावा.

---

हिशेबनीस

रद्द करण्याची वेळ पावावरून ठरवायची, थट्टा नाही. सकाळी अकराच्या आत ठरलं तर पाव, मांस, बर्फ यांची मागणी थांबवता येते, रोजंदारीची माणसं बोलवावी लागत नाहीत आणि दोनशे मैलांवरून निघणारे संघ घरीच थांबतात. दुपारी दोननंतर रद्द केलं तर हे सगळे पैसे गेलेले असतात. मग निदान सातपर्यंत प्रयत्न करून बघावा. एकदा दारं उघडून तिकिटं फाडली की नियम तिकिटाच्या मागे छापलेला असावा: किती हीट झाल्यानंतर 'कार्यक्रम झाला' धरायचा, त्याआधी पाऊस आला तर अर्धं तिकीट पुढच्या तारखेला चालेल का. पिटच्या पासाला तोच नियम लागू की वेगळा, तेही तिथेच. हा कागद आधी नीट लिहिला नसेल तर रात्री दहाला खिडकीपाशी गर्दी जमते आणि तिथे कोणाचंच गणित जुळत नाही.

पावसाचा विमा मिळतो, पण त्यात ठरावीक तासांत ठरावीक मिलिमीटर अशी अट असते. सर त्या वेळेआधी पडून ट्रॅक भिजला तर विमा एक पैसा देत नाही. घेणार असाल तर विम्याचे तास शर्यतीचे न धरता ट्रॅक तयार करण्याच्या वेळेचे धरा, आणि पर्जन्यमापक ट्रॅकवरच बसवलेला असेल अशी अट घाला. वीस मैलांवरच्या विमानतळाची नोंद तुमच्या कामाची नाही.